परवान्याचा गहू

कॅनडाच्या सॅस्कॅचेवान प्रांतात क्री या मूलनिवासी जमातीच्या शेतकऱ्याने स्वतःच्या शेतात पिकवलेला गहू बाजारात न्यायचा, तर त्याला आधी सरकारी अधिकाऱ्याकडून लेखी परवाना काढावा लागे. गाय विकायची तर परवाना. वाळलेलं गवत, सरपण, बटाटे विकायचे तरी परवानाच. परवाना नसताना असा माल विकत घेणारा व्यापारीही शिक्षेला पात्र ठरे. हा अधिकारी म्हणजे ‘इंडियन एजंट’; मूलनिवासींना तेव्हा ‘इंडियन’ म्हणत. मूलनिवासींसाठी राखून ठेवलेल्या प्रत्येक वसाहतीवर, म्हणजे रिझर्व्हवर, त्याचा अंमल चाले. कोणी काय पेरलं, काय विकलं, विक्रीचा पैसा कशावर खर्च केला, या सगळ्याची नोंद त्याच्या दप्तरी असे.

याच अमलाखाली वाढलेला डेव्हिड ग्रेआईज नावाचा तरुण शेतकरी १९४० मध्ये कॅनडाच्या सैन्यात साधा शिपाई म्हणून भरती झाला. सिसिली, इटली आणि उत्तर युरोपच्या रणभूमीवर तो लढला, अधिकारी झाला. परक्या देशाने त्याच्या छातीवर शौर्यपदक लावलं. युद्ध संपल्यावर तो आपल्या वसाहतीत परतला आणि पुन्हा शेती करू लागला. ज्याच्या हाताखाली सैनिक लढले होते, तो माणूस आता पुन्हा परवान्याच्या कायद्याखाली आला.

ग्रेआईज यांचं आयुष्य मला लिहिण्याजोगं वाटतं ते केवळ त्यांच्या पराक्रमामुळे नाही. सैनिक आणि जमीन यांचं नातं त्यांच्या आयुष्यात ज्या रीतीने उलगडतं, तसं ते क्वचितच दिसतं. देश सैनिकाला जमीन देतो तेव्हा ती कोणाची असते? आणि ज्याची जमीन आधी काढून घेतली, तोच पुढे सैनिक होऊन परत आला तर देश त्याला काय देतो?

शंभर दिवसांची शेती

प्रेअरी म्हणजे उत्तर अमेरिकेच्या पोटातला गवताळ सपाट प्रदेश. कॅनडात तो मॅनिटोबा, सॅस्कॅचेवान आणि अल्बर्टा या तीन प्रांतांत पसरला आहे. हिवाळ्यात पारा उणे चाळीसपर्यंत उतरतो. दहिवर न पडणारे दिवस वर्षाला जेमतेम शंभर, काही भागांत त्याहून थोडे जास्त. आपल्याकडे गहू थंडीत वाढतो आणि उन्हाळ्याच्या तोंडावर निघतो. तिथे बर्फ वितळून जमीन मोकळी झाली की मे महिन्यात पेरणी करायची आणि सप्टेंबरमधलं कडक दहिवर पिकावर येण्याआधी कापणी उरकायची. चार दिवस उशीर झाला तर दाणा काळवंडतो, भाव कोसळतो.

या घाईच्या शेतीला तारून नेलं ते ‘मार्क्विस’ या वाणाने. चार्ल्स साँडर्स या संशोधकाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो निवडून पुढे आणला. जुन्या ‘रेड फाईफ’ गव्हाच्या आधी आठवडाभर तो तयार होई. त्याची एक बाजू रेड फाईफची आणि दुसरी ‘हार्ड रेड कलकत्ता’ या भारतीय गव्हाची. भारतातून गेलेल्या दाण्याचा अंश त्या काळी प्रेअरीच्या लाखो एकरांवर डोलत होता.

जमिनीची मोजणीही तितकीच काटेकोर होती. साऱ्या प्रदेशावर एक मैल लांब, एक मैल रुंद अशा ६४० एकरांच्या चौकोनांची जाळी आखली गेली. त्याचा चौथा हिस्सा म्हणजे १६० एकर. १८७२ च्या कायद्याने बाहेरून येणाऱ्या वसाहतवाल्याला १० डॉलर शुल्क भरून हा तुकडा मिळत असे. तीन वर्षं तिथे राहायचं, घर बांधायचं, ठरावीक जमीन नांगराखाली आणायची, मग मालकी पक्की. युक्रेनमधून, स्कॉटलंडमधून, आइसलंडमधून माणसं आली आणि या चौकोनांवर वसली. मात्र त्या भूमीवर हजारो वर्षं राहिलेल्या क्री, सोटो, डकोटा माणसाला असा तुकडा घेता येत नव्हता. १८७६ च्या इंडियन कायद्याने त्याला ही मनाई केली होती.

नांगर मागितला, विळा मिळाला

त्याच वर्षी, २३ ऑगस्ट १८७६ रोजी, फोर्ट कार्लटन या ठाण्यावर ब्रिटिश राजसत्ता आणि क्री प्रमुख यांच्यात सहावा करार झाला. बायसनचे कळप झपाट्याने नाहीसे होत होते. शिकारीवर पोट भरण्याचे दिवस संपल्याचं मिस्टावासिस आणि अहताहकूप या प्रमुखांनी ओळखलं होतं. म्हणून वाटाघाटीत त्यांनी शेतीची साधनं मागितली: नांगर, बैल, बियाणं, कुदळी, विळे. पाच माणसांच्या कुटुंबामागे एक चौरस मैल जमीन राखून ठेवण्याचं ठरलं. क्री लोकांना शेतीत रस नव्हता, हा समज या कराराचा मजकूर वाचला की टिकत नाही. शेती त्यांनी स्वतः मागून घेतली होती.

पुढच्या काळात काही वसाहतींवर ती चांगली रुजली. क्री शेतकऱ्यांनी पैसे एकत्र करून कापणीची यंत्रं घेतली, पिकांच्या प्रदर्शनांत बक्षिसं मिळवली. त्यावर शेजारच्या गोऱ्या शेतकऱ्यांच्या तक्रारी सुरू झाल्या: सरकारी मदत मिळणारी ही माणसं बाजारात आमच्याशी स्पर्धा करतात. १८८९ मध्ये इंडियन खात्याचे आयुक्त हेटर रीड यांनी नवं धोरण आणलं. प्रत्येक कुटुंबाने एखादा एकर गहू, थोडी कंदमुळं आणि एक-दोन गाई एवढ्यावर भागवावं. यंत्रं वापरायची नाहीत. पेरणी हाताने, कापणी विळ्याने, मळणी काठीने, आणि शक्य तेवढी अवजारंही घरीच बनवायची. शेजारचा गोरा शेतकरी घोड्यांच्या यंत्राने शेकडो एकर कापत असताना क्री शेतकरी सरकारी हुकमाने विळा धरून वाकला होता. पीक दहिवरात सापडलं की ‘यांना शेती जमत नाही’ हा शेरा तयारच असे.

१८८५ मध्ये मेटी, म्हणजे मूलनिवासी आणि युरोपीय अशा मिश्र वंशाचे लोक, आणि क्री यांनी केलेल्या उठावानंतर आणखी एक बेडी पडली. वसाहतीबाहेर पाऊल टाकायला एजंटचा पास लागू लागला. याला कायद्याचा कसलाही आधार नव्हता, तरी ही पद्धत अनेक दशकं चालली. विक्रीच्या परवान्याला मात्र कायद्याचा पक्का आधार होता. इंडियन कायद्यातलं ते कलम पुढे वापरातून जवळजवळ गेलं, तरी पुस्तकातून ते २०१४ मध्ये रद्द झालं.

सैनिकांसाठी जमीन, १९१९

सॅस्कटून शहराच्या उत्तरेला सुमारे शंभर किलोमीटरवर मस्केग लेक ही क्री वसाहत आहे. डेव्हिड ग्रेआईज यांचा जन्म इथलाच, ३१ डिसेंबर १९१४ चा. पहिलं महायुद्ध तेव्हा नुकतंच पेटलं होतं.

त्या युद्धात कॅनडातले सुमारे ४,००० नोंदणीकृत मूलनिवासी लढायला गेले. वयाने आणि प्रकृतीने पात्र असलेल्या दर तीन पुरुषांमागे एक असं हे प्रमाण होतं. त्यांना मतदानाचा सर्वसाधारण हक्क नव्हता, त्यांच्यावर सक्ती नव्हती, तरीही ते गेले.

युद्ध संपत आलं तेव्हा परतणाऱ्या सैनिकांचं पुनर्वसन हा कॅनडापुढचा मोठा प्रश्न होता. सैनिक वसाहत कायदा १९१७ मध्ये झाला आणि १९१९ मध्ये त्याचा विस्तार करण्यात आला. सैनिकाला १६० एकर जमीन, शिवाय जमीनखरेदी, जनावरं आणि अवजारं यांसाठी ७,५०० डॉलरपर्यंत कर्ज, व्याज ५ टक्के. देशभरात सुमारे २५ हजार सैनिक या योजनेत कर्ज घेऊन वसले, त्यांतले बहुतेक प्रेअरीत.

रेल्वेजवळची चांगली मोकळी जमीन मात्र तोवर संपत आली होती. तेव्हा सरकारची नजर वसाहतींच्या जमिनीकडे वळली. ‘ही जमीन पडून आहे’ असं सांगितलं गेलं. ती पडून का राहिली, कोणाच्या धोरणांनी, हे कोणी विचारलं नाही. खात्याचे अधिकारी वसाहतींवर गेले, सभा घेतल्या, जमीन सोडून देण्यासाठी मतदान झालं. लोकांच्या हातावर थोडी रोख ठेवली गेली आणि उरलेली रक्कम सरकारच्याच ताब्यातल्या खात्यात जमा झाली. प्रेअरीतल्या वसाहतींकडून अशा रीतीने ८५ हजारांहून अधिक एकर जमीन सैनिक वसाहत मंडळाकडे गेली.

मस्केग लेकने या व्यवहारात सुमारे ९ हजार एकर गमावले. डेव्हिड तेव्हा चार वर्षांचा होता.

ही जमीन मूलनिवासी सैनिकांना मिळाली असती तरी एक वेळ समजून घेता आलं असतं. पण त्यांचे अर्ज सैनिक वसाहत मंडळाकडे जात नव्हते. १९१९ च्या कायदा दुरुस्तीने ते इंडियन खात्याकडे वळवले गेले. वसाहतीबाहेर १६० एकर मिळवणं त्यांच्यासाठी जवळजवळ अशक्य झालं. एका सैनिकाच्या समाजाची जमीन घेऊन दुसऱ्या सैनिकाला दिली गेली, आणि दोघेही त्याच खंदकांतून परत आले होते.

ज्यांना ती मिळाली त्यांचंही सगळं सुखाचं झालं नाही, हे इथे सांगायला हवं. युद्धकाळात गव्हाचा भाव चढलेला होता. जमीन, घोडे, अवजारं त्या चढ्या भावात कर्जाने घेतली गेली. १९२० नंतर भाव कोसळला आणि कर्ज तेवढंच राहिलं. हजारो सैनिकांनी शेत सोडलं. जे टिकले त्यांच्यासमोर तिसाव्या दशकाचा दुष्काळ येऊन उभा राहिला. १९२९ मध्ये बुशेलला दीड डॉलरच्या आसपास असलेला गहू १९३२ च्या अखेरीस चाळीस सेंटच्याही खाली गेला. दक्षिण सॅस्कॅचेवानमध्ये माती वाऱ्याबरोबर उडून चालली. १९३७ मध्ये प्रांताचं सरासरी उत्पन्न एकरी तीन बुशेलसुद्धा भरलं नाही. बुशेल म्हणजे साधारण २७ किलो. पेट्रोलला पैसे नसल्याने लोकांनी मोटारींची इंजिनं काढली आणि त्यांना घोडे जुंपले. त्या वेळच्या पंतप्रधानांच्या नावावरून या गाड्यांना ‘बेनेट बग्गी’ म्हणत. जमिनीची धूप थांबवण्यासाठी १९३५ मध्ये केंद्र सरकारला स्वतंत्र यंत्रणा उभारावी लागली.

डेव्हिड ग्रेआईज यांचं तरुणपण याच दशकातलं. शेतीबरोबर त्यांना फुटबॉलचं वेड होतं आणि त्यात त्यांनी असं नाव कमावलं की पुढे सॅस्कॅचेवानच्या क्रीडा गौरव दालनात त्यांचा समावेश झाला. पंचविशीत आलेला हा शेतकरी-खेळाडू १९४० मध्ये सॅस्कटून लाइट इन्फन्ट्रीत दाखल झाला.

मोरो नदीपासून रिमिनीपर्यंत

सॅस्कटून लाइट इन्फन्ट्री ही कॅनडाच्या पहिल्या डिव्हिजनची मशिनगन पलटण होती. जड मशिनगन आणि मोठ्या उखळी तोफा घेऊन पायदळाला आधार देणं हे तिचं काम. ग्रेआईज यांनी इंग्लंडमध्ये शस्त्रांचं प्रशिक्षण देण्याचं काम केलं, पुढे त्यांना अधिकारीपद मिळालं आणि इटलीत त्यांनी उखळी तोफांच्या तुकडीचं नेतृत्व केलं. वसाहतीत ज्याला गाय विकायला परवाना लागे, तो आता रणांगणावर गोळे कुठे पडायचे ते ठरवत होता.

१० जुलै १९४३ रोजी ही डिव्हिजन सिसिलीच्या किनाऱ्यावर उतरली. त्या वर्षीच्या डिसेंबरात मोरो नदी ओलांडून ती ऑर्टोना या किनाऱ्यावरच्या गावात शिरली आणि घराघरांतून, भिंती फोडून, नाताळातही लढत राहिली. त्याच वेळी तिच्या डाव्या बगलेला आठवी भारतीय डिव्हिजन झुंजत होती, आणि त्या डिव्हिजनमध्ये मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जवान होते. प्रेअरीचा शेतकरी आणि सह्याद्रीच्या कुशीतला शेतकरी त्या हिवाळ्यात एकाच आघाडीच्या चिखलात उभे होते. रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, साथीदार पडल्यावर एकट्याने मशिनगनच्या ठाण्यावर चालून गेले आणि तिथेच धारातीर्थी पडले. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्याचे नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीकाठी जखमी साथीदारांना पाण्यातून वाहून नेलं आणि शत्रूची मशिनगनची ठाणी एकट्याने बंद पाडली. दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. इटलीच्या मोहिमेचा इतिहास लिहिताना गुलाम देशाचे आणि वसाहतींत कोंडलेले हे सैनिक बहुधा तळटिपेत जातात. लढाईत मात्र ते आघाडीवर होते.

मॅनिटोबातल्या ब्रोकनहेड वसाहतीचे टॉमी प्रिन्स यांची कथा तर शेतकऱ्याच्या वेषातच घडली. फेब्रुवारी १९४४ मध्ये अँझिओजवळ एका ओसाड शेतघरात लपून ते जर्मन तोफांच्या जागा टेलिफोनवरून कळवत होते. तोफगोळ्याने तार तुटली. प्रिन्स यांनी घरातले इटालियन शेतकऱ्याचे कपडे अंगावर चढवले, कुदळ घेतली आणि जर्मन सैनिकांच्या डोळ्यांदेखत शेतात खुरपणी करत तारेपर्यंत गेले. बुटाची नाडी बांधत असल्याचं भासवून त्यांनी तार जोडली आणि परत आले. जर्मन सैनिकांना शंकासुद्धा आली नाही.

सप्टेंबर १९४४ मध्ये जर्मनांची ‘गॉथिक लाइन’ फोडून दोस्त सैन्य रिमिनी शहराकडे सरकत होतं. कॅनडाच्या पहिल्या डिव्हिजनच्या हुकमतीखाली तिथे ग्रीक माउंटन ब्रिगेड लढत होती. आपला देश हरलेला, भुकेने गांजलेला असताना परमुलखात लढणारे हे ग्रीक सैनिक. २१ सप्टेंबरला रिमिनी पडलं. ग्रीक ब्रिगेडला दिलेल्या पाठबळासाठी ग्रीस देशाने डेव्हिड ग्रेआईज यांना आपला तिसऱ्या श्रेणीचा मिलिटरी क्रॉस दिला.

मस्केग लेकने या युद्धाला आणखी एक ओळखीचा चेहरा दिला. मेरी ग्रेआईज कॅनडाच्या महिला सैन्यदलात भरती होणारी पहिली मूलनिवासी स्त्री. १९४२ मध्ये तिचं एक छायाचित्र प्रसिद्ध झालं: गणवेशातली मेरी गुडघ्यावर बसली आहे आणि पिसांचा शिरपेच घातलेला प्रमुख तिला आशीर्वाद देतो आहे. खाली ओळ अशी, की एक अनामिक इंडियन राजकन्या युद्धावर निघताना आपल्या प्रमुखाचा, म्हणजेच पित्याचा आशीर्वाद घेते आहे. ती राजकन्या नव्हती. तो तिचा पिता नव्हता. ते पियापॉट वसाहतीचे हॅरी बॉल होते आणि पोशाखही उसना आणलेला होता. छायाचित्र जगभर छापलं गेलं आणि तिचं नाव मात्र बराच काळ त्याखाली आलं नाही. प्रचाराला सैनिक हवी होती, मेरी नको होती.

शेजारच्या मिस्टावासिस वसाहतीचे जो ड्रीव्हर यांचंही नाव इथे घ्यायला हवं. पहिल्या महायुद्धात त्यांना मिलिटरी मेडल मिळालं. त्यांच्या वसाहतीची जमीनही १९१९ मध्ये सैनिकांसाठी गेली. दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा ते प्रमुख होते. ते स्वतः पुन्हा भरती झाले आणि येताना आणखी १७ जणांना घेऊन आले. त्यांत त्यांचे तीन मुलगे होते.

सहा हजार आणि दोन हजार तीनशे वीस

दुसऱ्या महायुद्धात ३,००० हून अधिक नोंदणीकृत मूलनिवासी लढले. या वेळी सरकारने पहिल्या योजनेच्या चुकांवरून धडा घेतला होता. १९४२ च्या सैनिक जमीन कायद्यात कर्जाचा बोजा हलका होता. सैनिकाला जमीन, घर, जनावरं आणि अवजारं यांसाठी एकूण ६,००० डॉलरपर्यंत मदत मिळे. त्यातला मोठा हिस्सा दीर्घ मुदतीत, कमी व्याजाने फेडायचा आणि २,३२० डॉलरपर्यंतचा हिस्सा, ठरावीक वर्षं जमिनीवर टिकून राहिल्यास, माफ होई.

वसाहतीवर राहणाऱ्या मूलनिवासी सैनिकासाठी नियम वेगळा होता. त्याला कर्ज नाही, फक्त तेवढं २,३२० डॉलरपर्यंतचं अनुदान. कारण साधं सांगितलं गेलं: वसाहतीची जमीन राजसत्तेच्या नावे आहे, ती तारण ठेवता येत नाही, मग कर्ज कशावर द्यायचं? सातबारावर नाव नसलेल्या कुळाला बँकेच्या दारातून कसं परत यावं लागतं, हे ज्याने पाहिलं आहे त्याला यातली मेख सांगावी लागणार नाही. जमीन नावावर होऊ द्यायची नाही, आणि नावावर नाही म्हणून कर्ज द्यायचं नाही.

ते अनुदानही सैनिकाच्या हाती पडत नसे. पैसा इंडियन खात्याकडे जाई आणि कोणती गाय, कोणता नांगर, किती लाकूड घ्यायचं हे एजंटच्या संमतीने ठरे. गोरा सैनिक पुनर्वसन अधिकाऱ्याकडे थेट जाऊन आपल्या हक्कांची चौकशी करू शके. मूलनिवासी सैनिकाला बहुधा एजंटमार्फतच जावं लागे. अनेकांना कोणत्या योजना आहेत हेच कोणी सांगितलं नाही. माजी सैनिक एकमेकांना भेटत, माहिती देत, ते लीजन या संघटनेच्या सभागृहांत. तिथे मद्य मिळे, आणि मूलनिवासींना मद्यबंदी होती. म्हणून अनेक ठिकाणी आपल्याच साथीदारांच्या सभागृहाचं दार त्यांना बंद राहिलं. इटलीत एकाच खंदकात झोपलेली माणसं सॅस्कॅचेवानात एका टेबलाशी बसू शकत नव्हती.

६,००० वजा २,३२०. हा ३,६८० डॉलरचा फरक नुसता पैशाचा नव्हता. प्रेअरीत ट्रॅक्टरचं युग नेमकं तेव्हा वेग घेत होतं. ज्याला युद्धानंतरच्या त्या पाच-सात वर्षांत ट्रॅक्टर आणि जास्तीची जमीन घेता आली, त्याची पुढची पिढी शेतीत उभी राहिली. ज्याला ते जमलं नाही, तो शेजाऱ्याला जमीन खंडाने देऊन मजुरीला निघाला. शेतीतलं अंतर एकदा पडलं की दरवर्षी वाढत जातं.

शेतकरी, प्रमुख, संचालक

ग्रेआईज मस्केग लेकला परतले आणि त्यांनी शेती सुरू केली. त्या वर्षांत सॅस्कॅचेवानातल्या मूलनिवासींमध्ये नवी हालचाल होती. १९४६ मध्ये जॉन टूटूसिस आदींच्या प्रयत्नांतून प्रांतातल्या मूलनिवासींची एकत्रित संघटना उभी राहिली. त्याच वर्षी ओटावात इंडियन कायद्याची फेरतपासणी करणारी संसदीय समिती बसली. तिच्यापुढे माजी सैनिकांचा दाखला सतत दिला गेला: लोकशाहीसाठी लढलेल्या समाजाला घरी मत का नाही? १९५१ मध्ये कायदा बदलला. जमिनीच्या दाव्यासाठी वकील लावायला पैसे गोळा करण्यावर १९२७ पासून असलेली बंदी उठली. सगळ्या मूलनिवासींना आपला दर्जा न सोडता केंद्रीय मतदानाचा हक्क १९६० मध्ये मिळाला.

१९५८ मध्ये ग्रेआईज मस्केग लेकचे प्रमुख झाले. दोन वर्षांनी त्यांनी एक अवघड पाऊल उचललं. ज्या खात्याने वसाहतीवर एजंट नेमले, जमिनी काढून घेतल्या, त्याच इंडियन खात्यात ते नोकरीला गेले. आपल्या माणसांना हे कसं वाटलं असेल, याची कल्पना करता येते. पण परवाना देणाऱ्या टेबलाच्या पलीकडच्या बाजूला, परवाना मागण्याचा अर्थ ठाऊक असलेला माणूस बसणं ही साधी गोष्ट नव्हती. ते चढत चढत पूर्व किनाऱ्यावरच्या मॅरिटाइम प्रांतांचे विभागीय संचालक झाले. करारबद्ध मूलनिवासींपैकी या पदावर पोहोचणारे ते पहिले. पुढे अल्बर्टा विभागही त्यांनी सांभाळला.

१९७७ मध्ये त्यांना ‘ऑर्डर ऑफ कॅनडा’ हा राष्ट्रीय सन्मान मिळाला. गौरवपत्रात त्यांची ओळख खेळाडू, सैनिक, शेतकरी, प्रमुख आणि संचालक अशी करून दिली आहे, आणि आपल्या लोकांची त्यांनी अनेकदा कठीण परिस्थितीत सेवा केल्याचा उल्लेख आहे. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात टॉमी प्रिन्स विनिपेगमध्ये वारले. अंगावर दोन देशांची शौर्यपदकं मिरवलेला हा वीर अखेरच्या वर्षांत एकाकी आणि गरीब होता. या दोन आयुष्यांमधलं अंतर केवळ कर्तबगारीचं नव्हतं. एकाला उभं राहायला थोडी जमीन सापडली, दुसऱ्याला नाही.

डेव्हिड ग्रेआईज १९९६ मध्ये निवर्तले.

उशिराचा हिशेब

२१ जून २००१ रोजी ओटावात मूलनिवासी सैनिकांचं राष्ट्रीय स्मारक उभं राहिलं. सॅस्कॅचेवानच्याच पीपीकिसिस वसाहतीचे लॉइड पिने यांनी ते घडवलं. पुढच्या वर्षी कॅनडा सरकारने नाकारलेल्या लाभांच्या बदल्यात हयात माजी सैनिकांना किंवा त्यांच्या जोडीदारांना प्रत्येकी २० हजार डॉलरपर्यंतची रक्कम देऊ केली. दुसरं महायुद्ध संपून तेव्हा ५७ वर्षं झाली होती. ज्यांनी त्या ३,६८० डॉलरचा ट्रॅक्टर घेतला असता, त्यांतले बहुतेक मातीआड झाले होते.

मस्केग लेकने आपल्या जमिनीचा पाठपुरावा सोडला नाही. करारानुसार मिळायला हवी होती पण कधी मिळालीच नाही, अशा जमिनीच्या दाव्यातून १९८८ मध्ये या वसाहतीला सॅस्कटून शहराच्या आत तीस-पस्तीस एकर जागा मिळाली. शहरातल्या या जागेवर त्यांनी व्यापारी संकुल उभारलं. कार्यालयं, दुकानं, दवाखाने आले, शेकडो नोकऱ्या निर्माण झाल्या, आणि कॅनडातल्या इतर वसाहतींनी हाच मार्ग धरला. एजंटच्या परवानगीशिवाय दाणा न विकू शकणारा समाज दोन पिढ्यांत शहरात भाडं वसूल करणारा मालक झाला. ही कृपा नव्हती. थकलेल्या देण्याचा तो एक हप्ता होता.

ग्रेआईज यांच्या आयुष्याकडे बघून मला स्पष्ट वाटतं, की सैनिकाचा गौरव ही सगळ्यात सोपी गोष्ट आहे. पदक द्यायला जमीन सोडावी लागत नाही, स्मारकाच्या दगडाला कर्जाचं तारण लागत नाही. अवघड असतं ते परत आलेल्या माणसाला त्याच्या शेतावर त्याच्या मर्जीने उभं राहू देणं. कॅनडाने आपल्या गोऱ्या सैनिकांसाठी हे करण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला, दुसऱ्या वेळी पहिल्यापेक्षा चांगला केला. मूलनिवासी सैनिकांसाठी तो केला नाही, आणि ही चूक नजरचुकीने झालेली नव्हती. ती कायद्यात लिहिलेली होती.

आपल्याकडे आजही जवान बहुतांशी शेतकऱ्याच्या घरातून येतो. तो निवृत्त होऊन गावी येतो तेव्हा वेशीवर वाजतगाजत स्वागत होतं, व्हायलाच हवं. पण स्वागताच्या दुसऱ्या दिवशी गावाने, सोसायटीने, तहसील कार्यालयाने त्याला एक प्रश्न जरूर विचारावा: तुझी जमीन तुझ्या नावावर आहे ना, आणि ती कसायला जे लागतं ते तुला कोणाच्या दारात न थांबता मिळतं ना? त्याचं उत्तर ‘हो’ येईपर्यंत आपण त्याच्या ऋणातून मुक्त झालो असं म्हणू नये.